कानामागे बोरू खोचलेला शिकारी

शिकारी पक्षी म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. घार असो, ससाणा असो की गरुड, त्याला शोधायचं ते आभाळात. मुसलमान घरांत वाढलेल्यांना तर लगेच शाहीन आठवतो. इक्बालनं आपल्या शायरीत त्याला इतकं उंच नेऊन ठेवलं की आजही आपल्याकडे शाळांना, कोचिंग क्लासेसना, गल्लीतल्या क्रिकेट टीमला ‘शाहीन’ हे नाव असतं. जलशात कुणी बुजुर्ग बोलायला उभे राहिले की पोरांना शाहीन व्हायला सांगतात. उंच उडा, वरून बघा, झडप घाला.

मी आज ज्याच्याबद्दल लिहितोय तोही शिकारी पक्षीच आहे. पण तो दिवसभर पायी चालतो. आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंत आणि तिथून खाली थेट केप प्रांतापर्यंत जे गवताळ माळ पसरलेत, तिथला हा रहिवासी. इंग्रजीत त्याला सेक्रेटरी बर्ड म्हणतात. तो आपल्याकडे सापडत नाही, त्यामुळे मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही. मी त्याला ‘चिटणीस पक्षी’ म्हणतो. का, ते पुढे सांगतो.

आधी तो दिसतो कसा ते सांगायला हवं. उभा राहिला तर सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे पहिली-दुसरीतल्या पोराएवढा. पंख पसरले तर दोन मीटरहून जास्त. वजन मात्र चार किलोच्या आसपासच. अंग राखाडी, पंखांची मागची पिसं काळी, आणि मांड्यांवर गुडघ्यापर्यंत काळी पिसं, जणू तोकडी तुमान घातली आहे. चेहरा नारिंगी-लाल. चोच गरुडासारखी बाकदार, पण पाय करकोच्याचे. शेपटीतून दोन लांब पिसं मागे निघालेली. आणि डोक्याच्या मागच्या बाजूला काळ्या, लांब पिसांचा विस्कटलेला तुरा. त्याच्या कुळात आज हा एकटाच उरला आहे. घारी-गरुड त्याचे नातलग आहेत, पण त्याचं घराणं वेगळं.

त्याला उडता येतं, चांगलं येतं. रात्री मुक्कामाला तो बाभळीच्या जातीच्या काटेरी झाडावर जातो, घरटंही तिथेच, काटक्यांचं मोठं मचाण. पण पोटासाठी तो जमिनीवरच राबतो. सकाळी ऊन जरा वर आलं की झाडावरून उतरतो आणि चालायला लागतो. दिवसाला वीस ते तीस किलोमीटर. बहुतेक वेळा जोडीनं, पण एकमेकांत थोडं अंतर ठेवून. गवतात मध्येच पाय आपटायचा, काय हलतं ते बघायचं. नाकतोडा उडाला, उंदीर पळाला, सरडा सरकला की त्याच्यामागे धावायचं. माळाला वणवा लागून गेला की हा तिथे हजर होतो, कारण जळालेल्या जमिनीवर लपायला जागा राहत नाही. पायांची बोटं आखूड असल्यानं गरुडासारखं भक्ष्य पंज्यात धरून नेणं त्याला जमत नाही. मान पायांच्या मानानं आखूड. म्हणून जमिनीवरचं उचलायला त्याला दर वेळी गुडघे मोडून खाली वाकावं लागतं. एवढा रुबाबदार प्राणी, पण घासागणिक वाकतो.

त्याची कीर्ती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. तो सापाला लाथा मारून मारतो. शास्त्रीय नावातही ते आलंय: सॅजिटेरियस सर्पेंटेरियस. पहिल्या शब्दात धनुर्धर, दुसऱ्यात साप. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये हॉक कॉन्झर्व्हन्सी ट्रस्ट हे शिकारी पक्ष्यांचं केंद्र आहे. तिथल्या मॅडलिन नावाच्या चिटणीस पक्ष्याला रबरी सापाला लाथा मारायला शिकवलं होतं. संशोधकांनी नकली गवताखाली जोर मोजणारी पट्टी लपवली, त्यावरून रबरी साप ओढला आणि लाथा मोजल्या. २०१६ साली हे संशोधन छापून आलं. लाथेचा जोर सरासरी १९५ न्यूटन, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचपट. आणि पाय सापाला लागून परत उचलला जाईपर्यंतचा वेळ फक्त १५ मिलिसेकंद. आपली पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

इतक्या कमी वेळात पायाकडून मेंदूकडे निरोप जाऊन परत येणं शक्यच नसतं. म्हणजे एकदा लाथ सुटली की ती मध्येच सुधारता येत नाही. जो काही नेम धरायचा तो आधी, डोळ्यांनी, नीट बघून. समोर विषारी साप असेल तर चुकीची किंमत जीव. म्हणून हा पक्षी आधी बघतो, मगच मारतो.

आणि तरीही साप हे त्याचं रोजचं अन्न नाही. त्याच्या पोटात सगळ्यात जास्त जातात ते नाकतोडे, टोळ, भुंगे, उंदीर. सापाशी झुंज म्हणजे त्याच्या आयुष्यातला थोडासा भाग. पण चित्रकाराला, प्रवाशाला, राजाला तेवढंच आवडलं. टोळ वेचत तीस किलोमीटर चालणाऱ्या पक्ष्याचं चित्र कोण काढणार?

आता नावाची गोष्ट.

माझे अब्बा तालुक्याच्या गावी तहसील कचेरीबाहेर बाँडरायटर होते. लिंबाच्या झाडाखाली टेबल, दोन स्टुलं, शाईचं पॅड, स्टँप पेपर. वारसनोंद, फेरफार, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र, सगळं लिहून द्यायचे. त्यांचं मराठी अक्षर असं होतं की कचेरीतले कारकूनही मान डोलवायचे. लिहिणं थांबलं की पेन उजव्या कानामागे. जेवतानाही तिथेच. अम्मी म्हणायची, हा पेन घेऊनच कब्रस्तानात जाणार आहात का? गावात कुणी त्यांना मुन्शीचाचा म्हणे, कुणी मास्तर.

या पक्ष्याच्या नावाची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती अब्बांसारख्यांचीच आहे. अठराव्या शतकात युरोपातले कारकून पिसांच्या लेखण्या वापरायचे आणि काम नसेल तेव्हा कानामागे खोचून ठेवायचे. पक्ष्याच्या डोक्यामागचा तुरा तसाच दिसतो, म्हणून सेक्रेटरी. आपल्याकडे पिसाच्या जागी बोरू होता एवढाच फरक.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. १७६९ साली आर्नाउट व्होस्मार या डच अभ्यासकानं या पक्ष्याचं वर्णन छापलं. केप ऑफ गुड होपहून एक जिवंत पक्षी हॉलंडला पाठवला होता, त्यावरून. त्यानं लिहिलं की केपच्या वसाहतीतले लोक याला ‘सॅजिटेरियस’ म्हणजे धनुर्धर म्हणतात, कारण याची चाल तिरंदाजासारखी आहे. काही शेतकरी मात्र ‘सेक्रेटेरियस’ म्हणतात. हे शेतकरी त्याला माणसाळवून घराभोवतीचे उंदीर-साप मारायला ठेवायचे. व्होस्मारला वाटलं, धनुर्धर हे मूळ नाव आणि सेक्रेटरी हा अपभ्रंश. दक्षिण आफ्रिकेतले अभ्यासक इयन ग्लेन म्हणतात की हे उलटं असावं, सेक्रेटरी हेच मूळ आणि धनुर्धर ही ऐकण्यातली चूक.

तिसरं मत १९७७ साली आलं. हिलरी फ्राय या पक्षिशास्त्रज्ञानं सुचवलं की मूळ शब्द अरबी असेल: ‘सक्र-उत्-तैर’. सक्र म्हणजे ससाणा, तैर म्हणजे पक्षी. ते फ्रेंचांच्या कानावर पडलं, त्याचं ‘सेक्रेतेर’ झालं आणि मग कानामागच्या लेखणीची गोष्ट मागाहून रचली गेली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला तो तुमच्यापैकी अनेकांना ओळखीचा असेल. अरे, हे तर आपलं निघालं! आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असे मेसेज रोज फिरतात. अमुक शोध मुसलमानांनी लावला, तमुक शब्द मुळात अरबी. त्यातलं बरंच खरं असतं, काही अर्धवट, काही निव्वळ हवेतलं. सक्र-उत्-तैरचा तर्क मला आवडतो. पण जे जुनं लिखित नाव हाताशी आहे ते केपच्या डच शेतकऱ्यांच्या तोंडचं आहे आणि केपपासून अरबी बोलणारा मुलूख हजारो मैल दूर. तर्क हा तर्कच. पुराव्याआधी त्यावर आपला झेंडा लावू नये असं मला वाटतं.

आणि खरं सांगायचं तर झेंडा लावून मिळतं काय? आपल्याच भाषेत बघा. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, हा फारसी शब्द. त्यावरून फडणीस, चिटणीस, पारसनीस, वाकनीस ही पदं आली आणि पुढे आडनावं झाली. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. आज पक्षाच्या, मंडळाच्या, साहित्य संस्थेच्या चिटणिसाला आपण फारसी बोलतोय असं वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. शब्द इथे आला, वापरला गेला, इथलाच झाला. अब्बा आयुष्यभर मराठीत अर्ज लिहीत राहिले. ती भाषा कुणाची, असा प्रश्न त्यांच्या टेबलाशी बसलेल्या शेतकऱ्यानं कधी केला नाही. त्याला आपला अर्ज मंजूर व्हायला हवा होता. म्हणूनच मी या पक्ष्याला चिटणीस म्हणतो. अर्धा आपला, अर्धा इराणी, आणि तरी पूर्ण मराठी.

अरबीत याला ‘अत्-ताइर अल-कातिब’, लिहिणारा पक्षी, असंही म्हणतात. कातिब म्हटलं की आपल्याला दोन्ही खांद्यांवरचे फरिश्ते आठवतात, किरामन कातिबीन, माणसाचं बरंवाईट लिहून ठेवणारे. पण सुदानमध्ये याचं खास नाव आहे. ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, एका सुदानी मुलाकडून ऐकलं.

पुण्यात सुदानी मुलांनी शिकायला येणं ही जुनी गोष्ट आहे. कोंढव्यात आम्ही राहत होतो तेव्हा खालच्या मजल्यावर तिघं होते. त्यातला एक जरा जास्त बोलका. ईदला अम्मीकडे शीरखुर्मा प्यायला यायचा आणि तिला खाला म्हणायचा. मला ‘उस्ताज’ म्हणायचा, कारण त्यांच्याकडे शिकलेल्या माणसाला तसंच म्हणतात. त्याच्या भाडेकराराचे कागद करायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. त्याचा पासपोर्ट काउंटरवर पडला होता. वरच्या सोनेरी पक्ष्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, गरुड ना? तो हसला. “ला, उस्ताज. हा सक्र अल-जिद्यान.” शब्दशः करडांचा ससाणा. मग म्हणाला, कुर्दुफानकडे त्याच्या आजोळी ज्वारीची कापणी झाली की हा पक्षी शेतात चालताना दिसायचा. टोळ खातो म्हणून कुणी त्याला दगड मारत नसे. आजी म्हणायची, चालू दे त्याला.

सुदानचं हे राजचिन्ह १९७० पासूनचं. मधे चिटणीस पक्षी, पंख पसरलेले, छातीवर महदीच्या काळातली ढाल. इतर अनेक अरब देशांनी सलाहुद्दीनचा गरुड घेतला. सुदाननं आपल्या माळावरचा पक्षी निवडला, ही मला छान गोष्ट वाटते. खाली देशाचं नाव. वर फितीवर दोन शब्द: ‘अन्-नस्रु लना’. विजय आमचा आहे.

त्याआधी, १९५६ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून १९७० पर्यंत, सुदानच्या राजचिन्हावर गेंडा होता. तो चिन्हावरून गेला, आणि त्या मुलखातूनही गेला. उत्तरी पांढरा गेंडा या उपजातीचा जगातला शेवटचा नर १९ मार्च २०१८ रोजी केनियात ओल पेजेता इथे मेला. तो आजच्या दक्षिण सुदानमध्ये पकडलेला होता. त्याचं नाव होतं ‘सुदान’. मागे दोन माद्या उरल्या. राजचिन्हावर बसवलं म्हणजे जनावर वाचतं असं नाही, याचा याहून स्पष्ट दाखला कुठला द्यायचा?

गेंड्यानंतर आलेल्या पक्ष्याच्या देशात १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध सुरू झालं. रमजानचे शेवटचे दिवस होते. एका बाजूला देशाचं सैन्य, दुसऱ्या बाजूला रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज. कालपर्यंत दोघांचे सेनापती एकाच सरकारात होते. मरणारे मुसलमान, मारणारे मुसलमान. दोन्हीकडून ऐकू येणारं वाक्य तेच, पक्ष्याच्या डोक्यावर लिहिलेलं. एक कोटीहून अधिक माणसं घरदार सोडून निघाली. दारफुरमधलं अल-फाशिर शहर दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये पडलं. त्यानंतरच्या कत्तलीच्या बातम्या आपल्या टीव्हीवर फारशा दिसल्या नाहीत. आपल्या मोहल्ल्यातही त्यावर फार कुणी बोललं नाही. फलस्तीनसाठी आपले डोळे भरून येतात, यायलाच हवेत. सुदानसाठी का येत नाहीत, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो आणि तुम्हालाही.

खार्तूम विद्यापीठाचं नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय होतं. तिथे पेंढा भरलेले जुने नमुने होते, शिवाय जिवंत प्राणी-पक्षीही ठेवलेले. संग्रहालय सैन्याच्या मुख्यालयाजवळ. लढाई सुरू झाली तसं कर्मचाऱ्यांना आत जाणं अशक्य झालं. कोंडलेली जनावरं अन्नपाण्याविना राहिली. पुढे ती इमारतही जळाली. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मोजून, चिठ्ठ्या लावून, वह्यांत नोंदून ठेवलेलं सगळं गेलं. कातिबांचं काम असं एका आठवड्यात राख होतं.

सुदानच्या फुटबॉल टीमला ‘सुकूर अल-जिद्यान’ म्हणतात, म्हणजे आपला हाच पक्षी, अनेकवचनात. १९७० मध्येच, म्हणजे पक्षी राजचिन्हावर आला त्याच वर्षी, या टीमनं खार्तूममध्ये आफ्रिकेचा कप जिंकला होता. युद्ध सुरू झाल्यावर तिला ‘घरचे’ सामनेही परदेशात खेळावे लागले. अल-हिलाल आणि अल-मेरीख हे ओमदुरमानचे दोन जुने, एकमेकांचे पक्के वैरी क्लब मॉरिटानियाच्या लीगमध्ये जाऊन खेळले, कारण घरी लीगच उरली नव्हती. अशा हालतीतही २०२४ मध्ये राष्ट्रीय टीम आफ्रिका कपसाठी पात्र ठरली. त्या दिवशी आमच्या जुन्या शेजाऱ्याचा मेसेज आला. तेव्हा तो ओमदुरमान सोडून कैरोत पोचला होता. वर्षभर त्याचा फोन लागत नव्हता. मेसेजमध्ये त्यानं फक्त पक्ष्याचं चित्र पाठवलं होतं. ‘विजय आमचा’ ही ओळ त्यानं चित्रातून कापून टाकली होती. मुद्दाम कापली की जागा पुरली नाही, मी विचारलं नाही.

हाच पक्षी आणखी एका देशानं डोक्यावर घेतलाय. आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण आफ्रिकेनं. वर्णभेदाची राजवट संपल्यावर जुनं राजचिन्ह बदलायचं ठरलं. २७ एप्रिल २००० रोजी, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, नवं चिन्ह आलं. त्यातही चिटणीस पक्षी, पंख वर उचललेले, मागे उगवता सूर्य. पण बोधवाक्य निराळं आहे. त्याचा अर्थ साधारण असा: वेगवेगळ्या लोकांनी एक व्हावं.

हे वाक्य इंग्रजीत नाही, आफ्रिकान्समध्ये नाही, झुलूमध्येही नाही. ते खाम या भाषेत आहे. केपच्या कोरड्या माळांवरचे मूळ रहिवासी ती बोलत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांना मारलं, उरलेल्यांना मजूर केलं. आज ती भाषा बोलणारं कुणी नाही. मग वाक्य लिहिलं कसं? तर १८७० च्या दशकात केपटाउनमध्ये विल्हेल्म ब्लीक आणि त्यांची मेहुणी लुसी लॉइड यांनी काही खाम माणसांना घरी ठेवून घेतलं. त्यातले काही तिथल्या तुरुंगातले कैदी होते. ती माणसं बोलत गेली, हे दोघं लिहीत गेले. गोष्टी, शब्द, जनावरांची नावं, ताऱ्यांविषयीच्या समजुती. वह्यांची सुमारे बारा हजार पानं झाली. भाषा मेली, वह्या राहिल्या. शंभर-सव्वाशे वर्षांनी एका नव्या देशाला कुणा एका जमातीची नसलेली भाषा हवी होती, तेव्हा ती त्या वह्यांच्या आधारानं मिळाली.

यात कडवटपणाही आहे. ज्यांची भाषा चिन्हावर आहे ते लोक तिथे वाचायला नाहीत. एकीचं वाक्य लिहून तिथली विषमता संपली असंही नाही. पण एकाच पक्ष्याच्या अंगावर दोन देशांनी काय काय लिहिलं ते शेजारी ठेवून बघावं. एकीकडे विजय आमचा. दुसरीकडे वेगवेगळ्यांनी एक व्हावं. पहिलं वाक्य म्हणायला सोपं आहे, कारण त्यात समोर कुणीतरी हरलेला लागतो आणि तो नेहमी मिळतो. दुसरं वाक्य खरं करायला रोज चालावं लागतं. रोज वीस-तीस किलोमीटर, म्हणा ना.

या दोन चिन्हांच्या मधल्या जमिनीवर खऱ्या पक्ष्याचं काय चाललंय? तो कमी होतोय. २०११ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याला ‘असुरक्षित’ ठरवलं गेलं. २०२० मध्ये एक पायरी आणखी खाली, ‘संकटग्रस्त’. त्याला मुद्दाम मारायला कुणी टपलेलं आहे अशातला भाग फारसा नाही. त्याची जमीन जातेय. माळ नांगरले जातात, जास्त गुरं चारली जातात, वस्त्या वाढतात. काही ठिकाणी उलटं होतं, गवताच्या जागी काटेरी झुडपं दाट माजतात. या पक्ष्याला धावायला आणि दूरवर बघायला मोकळं गवत लागतं. झुडपांत त्याला धावता येत नाही आणि काही दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेत बर्डलाइफ या संस्थेनं पिल्लांच्या अंगावर ट्रॅकर बसवून ती कुठे जातात ते पाहिलं. विजेच्या तारा आणि कुंपणं हीसुद्धा त्यांच्या मरणाची कारणं आहेत. २०१९ साली त्या संस्थेनं याला ‘वर्षाचा पक्षी’ म्हणून निवडलं, लोकांना त्याच्याकडे बघायला लावण्यासाठी.

तारा, कुंपणं, नांगरलेला माळ. सोलापूरकडच्या वाचकांना हे ऐकल्यासारखं वाटेल. नान्नजचा माळढोक याच कारणांनी दिसेनासा झाला. सरकारी कागदावर माळरानाची नोंद पडीक अशी होते. अब्बांनी असे कित्येक उतारे लिहिले असतील. जिथे झाड नाही, पीक नाही, ती जमीन रिकामी, हे आपण धरूनच चालतो. मग आफ्रिकेत चिटणीस पक्षी जातो, आपल्याकडे माळढोक.

शाहीन मला नावडता नाही. पोरांनी उंच उडावं, जरूर उडावं. पण आपल्या वस्त्यांतून मी बघतो ते बहुतेक लोक चालणारे आहेत. हातगाडीवाले, गॅरेजमधली पोरं, शिलाईला कापड घेऊन जाणाऱ्या बाया, तहसीलबाहेर अर्ज लिहिणारे. त्यांना दर घासाला वाकावं लागतं आणि ती काही शरमेची गोष्ट नाही. या पक्ष्याकडून त्यांनी काही शिकावं असं मी म्हणणार नाही, त्यांना ते आधीच येतं. जलशात बोलणाऱ्यांनी मात्र कधीतरी त्याचंही नाव घ्यावं. बघून पाऊल टाकणारा, लाथेत जोर असूनही दिवसभर टोळ वेचणारा, आणि जोडीदाराला नजरेच्या टप्प्यात ठेवून चालणारा.

आमच्या शेजाऱ्याच्या पासपोर्टची मुदत मध्यंतरी संपली. नवा काढायला किती फेऱ्या माराव्या लागल्या ते त्यानं फोनवर सांगितलं, हसत सांगितलं. नव्यावरही तोच पक्षी आणि तेच दोन शब्द आहेत. मी त्याला आजोळच्या शेताबद्दल विचारलं. म्हणाला, तीन वर्षं तिकडे कुणी गेलेलं नाही, कापणी झाली की नाही तेही माहीत नाही. पक्षी दिसतो का, हे विचारायला कुणी उरलं नाही. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “ज्वारी नसेल तर गवत असेल, उस्ताज. गवतात टोळ असतील.”